उसन्या फायलींची कुळकथा

ह्युगोच्या कॉन्फिग फाइलमध्ये बाहेरचं मॉड्यूल जोडायचं तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात. ते कुठून आणायचं तो पाथ, त्यातलं काय घ्यायचं तो सोर्स आणि आपल्या घरात कुठे मांडायचं तो टार्गेट. शेवटच्या दोन गाळल्या तरी चालतात. मग ह्युगो नेहमीच्या नावांचे फोल्डर शोधून आपलं आपण लावून घेतो. मामला चार-पाच ओळींचा. पण त्या ओळींमागे दोन वेगळ्या घराण्यांची सोयरीक आहे, आणि ती जुळायला बराच काळ लागला.

ह्युगो हा स्टॅटिक साइट जनरेटर. गिऱ्हाईक आल्यावर तवा तापवणारी खानावळ नव्हे, सकाळीच भरून ठेवलेले डबे. मजकूर एकीकडे, साचे दुसरीकडे; दोन्ही एकत्र करून तो तयार पानं काढून ठेवतो आणि सर्व्हरने ती फक्त हातात द्यायची. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये गो या भाषेत त्याची सुरुवात केली. एकच फाइल उतरवा आणि चालवा, बाकी काही बसवावं लागत नाही, ही त्याची मिरवायची गोष्ट. जेकिल या दुसऱ्या जनरेटरवाल्यांना आधी रूबी ही भाषा बसवावी लागे.

ह्युगोत थीमसाठी, म्हणजे साइटच्या तयार रूपासाठी, एक फोल्डर होता आणि एक नियम होता: एकाच नावाची फाइल थीममध्येही असेल आणि तुमच्याकडेही असेल, तर तुमची खरी. पुढे जे काही झालं त्याचं बीज या नियमात आहे. उसनी आणलेली वस्तू न खरवडता, न रंगवता, तिच्यावर आपलं झाकण ठेवून वापरता येत होती. अडचण होती ती वस्तू आणण्याची. बहुतेक जण थीम सरळ कॉपी करत. मग इथली एक ओळ बदल, तिथला एक रंग, असं करत सहा महिन्यांत ती थीम ना मूळ लेखकाची राही ना आपली. त्याने तिकडे एखादी चूक दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती आपल्यापर्यंत यायची वाटच बुजलेली असे.

शहाणे लोक गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं सबमॉड्यूल वापरत. त्यात थीमची प्रत न ठेवता ‘अमुक ठिकाणची अमुक आवृत्ती’ एवढी चिठ्ठी ठेवली जाते. चिठ्ठी छान, पण नव्या माणसाने प्रकल्प उतरवून घेतला की थीमचा फोल्डर रिकामा, कारण सबमॉड्यूल वेगळं मागवावं लागतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गूगलच्या डॉक्सी या थीमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर सबमॉड्यूलच्या पोटात बूटस्ट्रॅप आणि फॉन्ट ऑसम ही आणखी सबमॉड्यूलं होती. चिठ्ठीत चिठ्ठी.

जून २०१८ मध्ये ह्युगोच्या ०.४२ आवृत्तीत एकाऐवजी अनेक थीमची यादी देता येऊ लागली. यादीत जी आधी, तिचं चालणार. म्हणजे थर रचायची सोय झाली. ते थर कुठून नि कसे आणायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

नेमकं हेच दुखणं तेव्हा गो भाषेला होतं. दुसऱ्याचा कोड मागवला की त्या दिवशी तिथे जे ताजं असेल ते येई. आज चाललेला प्रोग्राम महिन्याने चालेलच याची हमी नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये गोच्या चमूतल्या रस कॉक्स यांनी लेखांची एक मालिकाच लिहून गोसाठी नवी व्यवस्था मांडली आणि ऑगस्टमध्ये गो १.११ बरोबर ती ‘मॉड्यूल’ या नावाने प्रायोगिक म्हणून आली. या व्यवस्थेत मॉड्यूलचं नाव हाच त्याचा पत्ता असतो आणि ‘गो डॉट मॉड’ या फाइलीत कोणती आवृत्ती हवी ते लिहिलेलं असतं. तिची गंमत मात्र निवडीच्या नियमात आहे. समजा, एकाला किमान १.२ हवी आहे, दुसऱ्याला किमान १.४, आणि बाजारात १.६ आलेली आहे. इतर बऱ्याच व्यवस्था १.६ उचलतील. गो मात्र १.४ घेतो. सगळ्यांचं भागेल अशी सर्वांत जुनी. नव्याच्या मोहात न पडणारा हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कुणा काटकसरी आजोबांनी केल्यासारखा वाटला होता.

ह्युगोची धुरा तोवर ब्योर्न एरिक पेडरसन या नॉर्वेच्या प्रोग्रामरकडे होती. त्यांनी ही सगळी यंत्रणा जशीच्या तशी उचलली आणि जुलै २०१९ मध्ये ०.५६ आवृत्तीत ह्युगो मॉड्यूल आली. यातला विनोद असा, की ह्युगोच्या मॉड्यूलमध्ये गो भाषेची एकही ओळ असायची गरज नाही. साचे, चित्रं, भाषांतरं, काहीही भरा. गो फक्त हमाली करतो. पण हमाल हवा तर तो घरात ठेवायला लागतो. मॉड्यूल वापरायची तर संगणकावर गो बसवलेला लागतो. ‘बाकी काही बसवावं लागत नाही’ ही मिरवायची गोष्ट तिथे थोडी खाली उतरली. माझ्या मते सौदा चांगलाच झाला, पण झाला तो सौदा.

दुसरं घराणं याहून जुनं. वस्तू आणल्यावर ती मांडण्याला ह्युगोत ‘माउंट’ म्हणतात. हा शब्द युनिक्सचा. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्याच मॅन्युअलमध्ये ‘माउंट’ ही आज्ञा आहे. तेव्हा खरोखरच काढता-घालता येणारी डिस्क उचलून यंत्रावर चढवावी लागे, आणि मग तिच्यावरच्या फायली अमुक फोल्डरखाली दिसू देत, असं युनिक्सला सांगावं लागे. पुढे बेल लॅब्जमध्येच प्लॅन ९ ही प्रणाली झाली. तिथे एकाच नावाखाली अनेक फोल्डर एकावर एक ठेवता येत; कोणता आधी, कोणता नंतर, तेही ठरवता येई. त्या मंडळींतल्या केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी नंतर गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीसमर यांच्याबरोबर गो भाषा घडवली. ह्युगोचे थर रचले गेले ते त्याच भाषेत.

ह्युगोत टार्गेट म्हणून सात जागा ठरलेल्या आहेत: मजकूर, साचे, स्टॅटिक फायली, प्रक्रिया करायच्या फायली, डेटा, भाषांतरं आणि नव्या पानांचे नमुने. सोर्स मात्र काहीही असू शकतो. बूटस्ट्रॅपच्या लेखकांनी ह्युगोचा विचारही केलेला नव्हता. तरी त्यांच्या रिपॉझिटरीतला स्टाइलचा फोल्डर उचलून आपल्या घरी मांडता येतो. देणाऱ्याला काही बदलावं लागत नाही, घेणाऱ्यालाही नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही.

ठेच लागते ती इथेच. एरवी आपला मजकुराचा फोल्डर न सांगता मांडलेला असतो. पण मजकुरासाठी तुम्ही स्वतः एखादा माउंट लिहिलात, की आपोआपची मांडणी रद्द. मी एकदा बाहेरची दोन-चार पानं मोठ्या हौसेने आणून मांडली आणि साइट बांधली, तर पाहुणे तेवढे हजर, घरचे सगळे गायब. फायली जागच्या जागी, चूक झाल्याचा संदेश एकही नाही. आपल्या फोल्डरचा माउंट हाताने लिहिल्यावर सगळे परतले. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तासभर डोकं खाजवल्यावर मी ते वाचलं.

फायलींचे थर लागले, पण मॉड्यूलबरोबर त्याची स्वतःची कॉन्फिगही येते. तिचं काय करायचं? फाइलीसारखं अख्खं झाकण घालून इथे भागत नाही, कारण एका यादीतल्या दोन ओळी त्याच्या नि तीन आपल्या हव्या असतात. २०२१ मध्ये ०.८४ आवृत्तीत यासाठी विलीनीकरणाच्या तीन पायऱ्या ठरल्या: अजिबात नको, वरवर, आणि खोलवर. लेखकाने ठेवलेल्या सेटिंग्ज, म्हणजे पॅराम्स, खोलवर मिसळतात, मेन्यू वरवर, बहुतेक बाकीचं आपण परवानगी दिल्याशिवाय आत येत नाही. कशातही टक्कर झाली तर घरच्याचं चालतं. थीमच्या काळातला तोच नियम.

राहता राहिली पुरवठ्याची भीती. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर टेकलेले असंख्य प्रकल्प बांधता येईनात. ह्युगो मॉड्यूल आणायला थेट मूळ रिपॉझिटरीत जातो, तेव्हा तिथला मालक रुसला तर काय, ही शंका रास्त. तिच्यासाठी ‘ह्युगो मॉड व्हेंडर’ ही आज्ञा आहे. ती चालवली की उसन्या फायलींची प्रत आपल्याच प्रकल्पात, ‘व्हेंडर’ नावाच्या फोल्डरात येऊन बसते. म्हणजे पुन्हा कॉपीच. फक्त यावेळी त्या फोल्डरात कुणी हात घालत नाही. घातला, तर पुढच्या वेळी ती आज्ञा चालवताच केलेलं सगळं पुसलं जातं.