सातवा दिवस कुणाचा?

पारनेर तालुक्यात रविवार म्हणजे खंडोबाचा वार. पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाला या दिवशी लोक जातात. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांना रविवार म्हटलं की आधी सुट्टी आठवते. आणि नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत हा उपासनेचा दिवस. एका वाराचे हे तीन अर्थ आज गुण्यागोविंदाने नांदतात. पण दीडशे वर्षांपूर्वी इथल्या खेड्यांत आठवड्यातून एक दिवस हक्काने थांबायचं, ही कल्पनाच कष्टकऱ्यांना परकी होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्याला हळद-तेल लावतात, शेकतात. दुसऱ्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. बैलाला निदान हा एक दिवस ठरलेला होता. गावकामगार महाराला तोही नव्हता. वतन म्हणजे मान, असं सांगितलं जाई. प्रत्यक्षात ते रात्रंदिवसाचं बांधलेपण होतं. निरोप पोचवा, सरकारी ओझी वाहा, वेशीवर राखण करा, मेलेलं जनावर ओढा. बोलावणं कधी येईल त्याला वेळकाळ नाही. एकाला वतन, पण राबायचं घरातल्या सगळ्यांनी. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच जाचाविरुद्ध.

या मुलखात 1831 साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ठाणं केलं. शाळा निघाल्या, 1842 साली नगरमधून 'ज्ञानोदय' सुरू झालं. ख्रिस्ती झालेल्यांत महार समाजातले लोक सर्वांत जास्त होते. पुढे 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर ही संख्या वाढली, तेव्हा 'पोटासाठी धर्म बदलला' असा टोमणा मारला गेला. भुकेचा वाटा त्यात होता, हे नाकारायचं कारण नाही. पण नुसत्या भाकरीवर बोट ठेवलं की दुसरी गोष्ट नजरेतून सुटते. या लोकांच्या हाती जे पुस्तक आलं, त्यात विश्रांती ही आज्ञा होती.

मोशेच्या दहा आज्ञांत सातवा दिवस विसाव्याचा आहे. तो केवळ घरधन्याला दिलेला नाही. चाकर, दासी, गावात राहणारा उपरा, एवढंच काय, बैल आणि गाढव यांनाही तो दिला आहे. अनुवादाच्या ग्रंथात त्याचं कारणही दिलंय: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. म्हणजे सुट्टीचा उगम गुलामीच्या आठवणीत आहे. ज्याच्या कितीतरी पिढ्यांना 'आज येत नाही' म्हणायची मुभा नव्हती, त्याच्या कानावर हे शब्द कसे पडले असतील? एका माणसासाठी देव स्वतः म्हणतोय, आज याला बोलावू नका. अर्थात आज्ञा ऐकणं वेगळं आणि वेशीवरचा निरोप नाकारणं वेगळं. बाप्तिस्म्याने वतन सुटत नव्हतं.

येशूने या दिवसाला आणखी एक वळण दिलं. शब्बाथाच्या दिवशी त्याने आजाऱ्यांना बरं केलं, तेव्हा धर्माचे राखणदार चिडले. त्याचं उत्तर कुठल्याही शेतकऱ्याला पटेल असं होतं: तुमचा बैल विहिरीत पडला तर वार बघत बसाल का? विसावा माणसासाठी आहे, माणूस विसाव्यासाठी नाही. आणि ओझ्याने वाकलेल्यांना विश्रांतीला बोलावताना तोच त्यांच्यापुढे जू धरतो, फक्त ते हलकं आहे असं सांगतो. पुस्तकी वाचकाला हे कोडं वाटेल. बैल जुंपणाऱ्याला वाटणार नाही. जू नीट बसलं नाही तर खांदा फुटतो, नीट बसलं तर जोडी रमून चालते. सेवेत आनंद असतो तो असा. काम तितकंच असतं, पण ते मानेवर लादलेलं नसतं.

हा आनंद नगरकरांनी जवळून पाहिला तो रेव्हरंड टिळकांच्या घरात. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या आणि त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांची वाट तुकोबांवरून ख्रिस्ताकडे गेली, असं ते स्वतः मानत. त्यांच्या घरी पोरक्या मुलांचा, आलेल्या-गेलेल्यांचा कायम राबता. हातात पैसा आला की तो गरजूला देऊन टिळक मोकळे. पण मग संध्याकाळी चूल कशी पेटायची? तो प्रश्न लक्ष्मीबाईंचा. 'स्मृतिचित्रे' आपण हसत हसत वाचतो, कारण लिहिणारीही हसते आहे. तरी त्या हसण्यामागे हिशेब आहे: एकाच्या सेवेचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो, आणि तो खांदा बहुधा बाईचा असतो. लक्ष्मीबाईंनी तो भार पुढे स्वतःचा करून घेतला. परक्या मुलांना त्यांनी माया लावली, पण नवऱ्याच्या भाबडेपणाला नावं ठेवायचा हक्क सोडला नाही. जू नीट बसवून घ्यायची ही त्यांची रीत.

विसावा आणि सेवा यांची ही सांगड चर्चच्या भिंतीबाहेरही गेली. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. सायबाचा रविवार लोखंड्यांनी खंडोबाचा रविवार म्हणून मागितला. सहा दिवस माणूस पोटासाठी राबतो, तेव्हा एक दिवस त्याला समाजाच्या कामासाठी मिळायला हवा, अशी त्यांची मांडणी सांगितली जाते. त्यांनी मागितलेली सुट्टी नुसतं लोळण्यासाठी नव्हती.

पारनेरचेच सेनापती बापट तुरुंगातून सुटून आल्यावर पहाटे गावचे रस्ते झाडत, शौचकूप साफ करत. ते ख्रिस्ती नव्हते. पण जे काम जन्माने दुसऱ्याच्या माथी मारलं होतं, ते त्यांनी आपण होऊन हातात घेतलं. झाडू तोच. एकाच्या हातात तो वेठ होता, दुसऱ्याच्या हातात सेवा झाला. फरक इतकाच, की बापट झाडू खाली ठेवू शकत होते.

म्हणून सेवेचं कौतुक करण्याआधी विचारावं: सेवा करणाऱ्याला थांबता येतं का? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या कामाला सेवा म्हणणं ही फसवणूक आहे. आज रविवारी आपण फोनवरून जेवण मागवतो, तेव्हा ते घेऊन येणाऱ्या पोराचा रविवार कोणता? घरात सगळ्यांना सुट्टी म्हणून चार पदार्थ जास्त होतात, ते करणाऱ्या आईचा सातवा दिवस कोणता? उरलेल्या घरादाराने त्या दिवशी चूल सांभाळली, तर तिला विसावा मिळेल आणि बाकीच्यांना सेवा. दोन्ही एकाच दिवसात, एकाच स्वयंपाकघरात.