ट्यूलिपच्या वाटेवर वेंगुर्ले

माझा पुतण्या तीन वर्षांपासून रॉटरडॅमला नोकरीत आहे. "चाचा, या एप्रिलात चाचीला घेऊन याच, ट्यूलिप बघायला," असा त्याचा लकडा. एप्रिल म्हणजे आमच्याकडे हापूसची तोड, पेट्या भरायची घाई, अंगणात वाळत पडलेले काजू. अशा दिवसांत बाग गड्यांवर टाकून फुले बघायला निघालेला माणूस गावात हसण्यावारीच जायचा. पण ती फुलेही आंब्यासारखीच हट्टी. लिस गावचे क्यूकेनहॉफ उद्यान वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडते, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. आदल्या पावसाळ्यानंतर सुमारे ७० लाख कंद मातीत पुरायचे, त्यांनी हिवाळाभर थंडी खायची, आणि एप्रिलच्या मध्यावर सगळा बहर. शेवटी घरात ठरले : ईद होऊ दे, पहिली तोड उतरू दे, मग आठ दिवस.

मग व्हिसाचे कागद सुरू झाले. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांच्या आत, पण निदान पंधरा दिवस आधी. तीस हजार युरोचा विमा. बँकेचे उतारे, परतीचे तिकीट, कुठे उतरणार त्याचा पुरावा. तेवढ्या कागदांत बुडालेलो असताना मनात आले, हेच लोक आमच्या वेंगुर्ल्याला आले, तेव्हा त्यांना परवाना कोणी दिला होता?

दिला होता विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाने. साल १६३७. डच ईस्ट इंडिया कंपनीचा वकील योहान व्हान ट्विस्ट विजापूर दरबारी गेला आणि वेंगुर्ल्यात वखार घालण्याची परवानगी घेऊन आला. म्हणजे त्या काळी अर्जदार ते होते. जुन्या मराठी कागदांत त्यांना 'वलंदेज' म्हणत. पोर्तुगीज ते फिरंगी, हे वलंदेज, आणि सगळे मिळून टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वलंदेज आहेत, आणि त्यांच्यापासून जपून राहण्याचा इशाराही.

वलंदेजांना वेंगुर्ले हवे होते ते मुख्यतः गोव्यासाठी. १६३६ पासून त्यांची गलबते दर हंगामाला मांडवीच्या तोंडावर उभी राहून पोर्तुगीजांची नाकेबंदी करीत. पावसाळा संपला की यायचे, पुढचा पाऊस जवळ आला की जायचे. १६४४ पर्यंत हे चालले. एवढ्या खलाशांना पाणी, तांदूळ, ताजे अन्न लागणार, आणि गोव्याच्या उत्तरेला इतक्या जवळ दुसरे सोयीचे बंदर नव्हते. आदिलशहालाही गोव्याचे पोर्तुगीज डोईजड झालेले. त्यामुळे परवाना देण्यात औदार्य होते तसा हिशेबही होता. हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. आपल्या सुलतानांना उगाच भोळे ठरवण्यात काही अर्थ नाही.

या १६३७ सालाची आणखी एक गंमत आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत हॉलंडमध्ये ट्यूलिपचा बाजार कोसळला. त्याआधी एकेका दुर्मीळ कंदाची किंमत हजारो गिल्डरांवर गेली होती, आणि कसबी कारागिराची वर्षाची कमाई तीनशेच्या आसपास. ५ फेब्रुवारीला आल्कमार गावच्या लिलावात सुमारे ९०,००० गिल्डरांचे कंद विकले गेले. त्याच्या दोन-तीन दिवस आधीच हार्लेममध्ये गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते. सारा देश भिकेला लागला असे जे सांगतात ती पुढे रंगवलेली गोष्ट, असे आताचे अभ्यासक म्हणतात. ज्या पट्टेदार पाकळ्यांसाठी लोक वेडे झाले, ते पट्टे एका विषाणूमुळे पडत. हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

आणि हे फूल मुळात हॉलंडचे नव्हेच. त्याचे माहेर मध्य आशियाचे डोंगर. बाबराने काबूलच्या परिसरात लालाचे तेहतीस प्रकार मोजून घेतले आणि आत्मचरित्रात नोंदवले. एका प्रकाराला गुलाबाचा वास येतो, हेही लिहायला तो विसरला नाही. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या उस्ताद मन्सूरने तिथली शंभरावर फुले चितारली. त्याच्या कुंचल्याचा लाल ट्यूलिप आजही प्रसिद्ध आहे. तुर्कांनी तर हे फूल मशिदीच्या भिंतीवर नेले. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीच्या फरशा ट्यूलिपनी भरलेल्या आहेत. 'लाले' या शब्दात अलिफ, लाम आणि हे, म्हणजे 'अल्लाह'चीच अक्षरे. मौलवीसाहेबांकडे अलिफ-बे गिरवलेल्या कोणालाही हे ताडून पाहता येईल. युरोपने मात्र त्याला पागोट्याच्या तुर्की-फारसी शब्दावरून ट्यूलिप म्हटले. सोळाव्या शतकात तुर्कस्तानातून कंद व्हिएन्नाला गेले. तिथे काम केलेला वनस्पतितज्ज्ञ क्लूसियस १५९३ मध्ये लायडनला आला आणि पुढच्याच वसंतात त्याच्या बागेत ट्यूलिप फुलले. पुढे अठराव्या शतकात इस्तंबूलचे शौकीन उलट हॉलंडहूनच कंद मागवू लागले. काजूसारखेच हे. ब्राझीलचे झाड फिरंग्यांनी आणले आणि आता 'वेंगुर्ला' या नावाने काजूच्या जाती ओळखल्या जातात.

माणसेही अशीच इकडची तिकडे झाली. ट्यूलिपच्या त्याच हार्लेमचा कॉर्नेलिस हेडा नावाचा चित्रकार १६१० च्या सुमारास विजापुरात येऊन इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहिला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला.

वेंगुर्ल्याची वखार अजून आहे. आज दिसते ती इमारत १६५५ सालची सांगतात. राज्याचे संरक्षित स्मारक. मी शेवटचा गेलो तेव्हा छप्पर नव्हतेच. जांभ्याच्या भिंतीत वडाची मुळे घुसलेली, आणि कमानीखाली गुरे सावलीला बसलेली. शेजारून जाणाऱ्या पोरांना विचारले, हे कोणाचे? एक म्हणाला, पोर्तुगीजांचे. दुसरा म्हणाला, भुताचे.

याच वखारीतून कंपनीच्या कारभाऱ्यांची पत्रे जात. नोव्हेंबर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणला सिंधुदुर्गाचे काम सुरू केले, तेव्हा हे लोक खाली वेंगुर्ल्यात बसून सगळे लिहीत होते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवचरित्रासाठी डच कागद वापरले ते म्हणूनच. कंपनीचे मोठे दफ्तर आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. २००३ मध्ये युनेस्कोने या कंपनीच्या कागदांची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली, आणि आता त्यातले पुष्कळ संगणकावरही पाहता येते. आमच्या बंदरावर कोणती गलबते लागली, तांदूळ काय भावाने गेला, आदिलशाही हवालदाराने कशावरून भांडण काढले, ते सगळे तिथे, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या बाजूने. त्या हवालदाराची बाजू सांगणारा कागद माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. बांद्याचा रेडे घुमट उभा आहे, पण दगड भांडणाची हकिकत सांगत नाहीत.

म्हणून पुतण्याला कळवले : ट्यूलिपला एक दिवस पुरे, हेगला दोन ठेव. तिकडून फोन आला, "चाचा, चारशे वर्षांपूर्वीचे डच वाचणार कोण?"

मी म्हटले, "तू. तीन वर्षे तिकडे राहून काय केलेस?"