चार शास्त्रे आणि चार बाजू

१९७३ च्या मार्च महिन्यात ‘येस’ या इंग्रज वाद्यवृंदाचा गायक जॉन अँडरसन टोकियोतील एका हॉटेलात परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचीत असता, त्र्याऐंशीव्या पृष्ठावरील एका लांबलचक तळटिपेपाशी येऊन थबकला, आणि ज्या विशाल रचनेच्या शोधात तो होता तिचा आराखडा त्याला त्या बारीक टंकाच्या मजकुरातच गवसला. गंमत अशी की हा ग्रंथ त्याला सुचविणारा तालवादक जेमी म्यूर स्वतः लवकरच वाद्ये बाजूस ठेवून स्कॉटलंडमधील एका बौद्ध मठात दाखल झाला.

गोरखपुरात बंगाली कुटुंबात जन्मलेले आणि १९२० साली अमेरिकेस गेलेले योगानंद १९४६ च्या त्या ग्रंथात परक्या वाचकांसाठी शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे असे चार वर्ग सांगतात. ही मांडणी कुलार्णवासारख्या तंत्रग्रंथांना जवळची आहे. तेथे प्रत्येक युगास एकेक शास्त्र नेमून देऊन कलियुगाचा सारा कारभार आगमांच्या हवाली केलेला आहे. ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवतावर पोसलेल्या मराठी मनाला तंत्रांची वेदांच्या पंक्तीतील ही बैठक किंचित खटकेल. शक्तिपूजेच्या बंगाली परंपरेत ती सहज शोभते.

अँडरसनला मात्र या वादाशी कर्तव्य नव्हते. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे वीस मिनिटांचे संगीत मावते, आणि १९७२ साली ‘क्लोज टू द एज’ या एकाच रचनेने पूर्ण बाजू व्यापून या मंडळींनी तेवढा पल्ला आधीच गाठला होता. तेव्हा चार शास्त्रे आणि दोन तबकड्यांच्या चार बाजू असा हिशेब आपसूक जुळला. माझ्या मते त्यातून घडलेला ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा ध्वनिमुद्रिकासंच म्हणजे धर्मग्रंथांवरील भाष्य नसून एका अनुक्रमणिकेवर उभारलेली इमारत आहे. पुराणांना वाहिलेल्या तिसऱ्या बाजूच्या परिचयात भारत, चीन आणि मध्य अमेरिका यांच्या शेजारी थेट अटलांटिसही येते, यावरून शास्त्राधाराची मर्यादा ध्यानी यावी.

अँडरसन आणि गिटारवादक स्टीव्ह हाउ यांनी दौऱ्यावरच रचनेचा सांगाडा सिद्ध केला. रानात रात्री तंबू ठोकून ध्वनिमुद्रण करावे हा अँडरसनचा मनोदय. अखेर लंडनच्या मॉर्गन स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या, कुंपण आणि पुठ्ठ्याची गाय उभी करून त्या रानाची हौस भागविण्यात आली. कळवादक रिक वेकमन यांस हा सारा विस्तार पोकळ वाटे. मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात तर त्यांनी रंगमंचावरच भारतीय करीवर ताव मारला. त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती, कारण दुसऱ्या बाजूवर पाल्हाळ आहेच. परंतु पहिल्या बाजूच्या आरंभीचे, एका सुरातून हळूहळू चढत जाणारे सामूहिक गायन, आणि चौथ्या बाजूवरील तालवाद्यांचा तो दीर्घ उन्मेष, ज्याने लक्षपूर्वक ऐकला त्याला केवळ आडंबराचा शिक्का मारून मोकळे होता येणार नाही.

डिसेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही मुद्रिका ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचली, समीक्षकांनी तिची यथेच्छ हजेरी घेतली, आणि १९७४ साली वेकमन वाद्यवृंद सोडून गेले. त्यांच्या जागी स्विस वादक पॅट्रिक मोराझ रुजू झाला. पुढच्या ‘रिलेयर’साठी अँडरसनने टॉल्स्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चा आधार घेतला, पण त्या महाकादंबरीला त्याने एकच बाजू दिली.