शौचावाटे रक्त : तरुण वयात प्रत्येक वेळी मूळव्याधच असते का?

गिरड परिसरातून येणारे तिशी-पस्तिशीतले रुग्ण बहुतेकदा निदान स्वतःच करून येतात : "डॉक्टर, मूळव्याध झाली, गोळ्या द्या." अनेकदा ते खरेही असते. पण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो, आणि तो फक्त म्हातारपणाचा आजार नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या अभ्यासात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार होती.

धोका कोणाला जास्त?

- आई, वडील, भाऊ, बहीण किंवा अपत्य यांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असल्यास
- घराण्यात लिंच सिंड्रोम किंवा आतड्यात शेकडो पॉलिप (मांसल गाठी) होण्याचा आनुवंशिक आजार असल्यास
- अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा जुना आजार असल्यास
- लठ्ठपणा, मधुमेह, बैठे काम, दारू, बिडी-सिगारेट आणि लाल किंवा प्रक्रिया केलेले मांस जास्त खाणे

मात्र अनेक तरुण रुग्णांमध्ये यांपैकी एकही कारण सापडत नाही. म्हणून "आमच्या घरात कोणालाच नाही" एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

ही लक्षणे अंगावर काढू नका

- शौचावाटे रक्त किंवा शेम जाणे
- शौचाच्या सवयीत तीन-चार आठवडे टिकणारा बदल
- शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे
- सतत पोटदुखी, कारण नसताना वजन घटणे
- रक्तातील लोह कमी होऊन थकवा येणे

तरुण पुरुषाचे हिमोग्लोबिन कमी असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नये. रक्त कुठे जाते ते शोधावे. आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, त्यामुळे थकव्याचे खापर लगेच त्यावर फुटते. सिकलसेल असला तरी वरील लक्षणे वेगळी तपासावीच लागतात.

तपासणी कधी?

लक्षणे असतील तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर गुदद्वारात बोट घालून तपासतात. एक-दोन मिनिटांची ही तपासणी लाजेपोटी टाळू नका. गुदाशयातली खालची गाठ तिथेच हाताला लागू शकते. पुढे गरजेनुसार कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी होते. मूळव्याध दिसली म्हणून वर दुसरे काही नाही, असे ठरत नाही.

लक्षणे नसतील, पण जवळच्या नातेवाइकाला हा कॅन्सर झाला असेल, तर साधारण ४० व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करावी. वडिलांना ४५ व्या वर्षी झाला असेल, तर मुलाने ३५ व्या वर्षी. आनुवंशिक आजार असलेल्यांना याहूनही लवकर सुरुवात करावी लागते.

इतरांसाठी अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षी तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे. भारतात सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते. आतड्याच्या कॅन्सरची सरसकट होत नाही. त्यामुळे आपणच विचारायला हवे. शौचातील न दिसणारे रक्त शोधणारी साधी चाचणी हा एक पर्याय आहे, पण तो लक्षणे नसलेल्यांसाठी. लक्षणे असताना ही चाचणी 'निगेटिव्ह' आली, तरी आजार नाही असे समजू नये.

कुठे जायचे?

सुरुवात समुद्रपूर किंवा हिंगणघाटच्या सरकारी रुग्णालयातून करता येते. पुढील तपासणीसाठी सेवाग्राम, सावंगी (मेघे) आणि नागपूर इथली मोठी रुग्णालये आहेत. कॅन्सरच्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मदत मिळू शकते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

"सोयाबीन निघू दे, कापूस वेचून होऊ दे, मग पाहू," असे म्हणता म्हणता महिने जातात. पॉलिप वेळीच काढला तर कॅन्सर टळू शकतो, आणि कॅन्सर सुरुवातीला सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. रक्त दिसले, तर याच आठवड्यात दाखवा.