पासोडी टिकली, ई-पुस्तक टिकेल?

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या या कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं. चारशे वर्षं झाली, कापड अजून आहे. जपणाऱ्यांच्या ते हाती होतं, म्हणून टिकलं.

छापील पुस्तकाचंही तसंच. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. त्या पैशातून घेतलेलं पुस्तक वाचनालयाच्या मालकीचं. शिवण उसवली तर पुन्हा बांधायचं आणि पुढच्या वाचकाला द्यायचं. त्यासाठी प्रकाशकाला विचारायला नको.

ई-पुस्तकाचा मात्र बहुधा परवाना मिळतो. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, बाकीच्यांनी थांबायचं. अमेरिकेत २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने ग्रंथालयांना अट घातली, की २६ वेळा दिल्यावर परवाना संपेल. पुढे हवं तर नवा घ्या.

प्रकाशकांची भीती खोटी नाही. घरबसल्या फुकट मिळालं तर विकत कोण घेणार? लेखकालाही पोट आहे. पण अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाने तेच पुस्तक किती वेळा घ्यायचं?

ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या बीडच्या मुलाला मोबाईलवरचं पुस्तक सोबत नेता येईल. म्हणून ई-पुस्तकं यावीतच. करारावर सही करताना वाचनालयाने एवढंच विचारावं : पन्नास वर्षांनी यातलं आमच्या कपाटात काय उरेल?