आमिष आणि कायदा : भारतीय वन्यजीव कायद्यातील एका शब्दाचा इतिहास

ब्रिटिश अमदानीत वाघाच्या शिकारीच्या दोन पद्धती विशेष रूढ होत्या. एक, हाका घालून जनावर बंदुकीच्या टप्प्यात आणणे. दुसरी, रेडकू बांधून मचाणावर वाट पाहणे. दुसऱ्या पद्धतीच्या वैधतेचा प्रश्न तत्कालीन कायद्यास पडलाच नाही. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाचा भर बंदीकाळावर होता आणि त्याच्या अनुसूचीत वाघ नव्हता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनांत नियमांविरुद्ध केलेली शिकार, पाण्यात विष कालवणे, फासे व सापळे लावणे हे गुन्हे मानले. आमिषाचा मात्र त्यात निर्देश नाही.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाची मूळ संहिता या दृष्टीने उद्बोधक आहे. शिकारीसाठी कृत्रिम प्रकाश वापरण्यास तिने मनाई केली. परंतु मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या मांसाहारी प्राण्यांबाबत परवान्याने अपवादाची सोय ठेवली. म्हणजे संरक्षणाच्या कायद्यातही मचाणाची जागा शिल्लक होती! परवान्यावरील शिकारीची ही तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने गेली.

आमिषाविरुद्ध स्पष्ट शब्द प्रथम आला तो मात्र वेगळ्याच कायद्यात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात १९८२ च्या दुरुस्तीने, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्यास दुसऱ्याचे भक्ष्य होईल असे कोंडणे हा गुन्हा ठरला, आणि व्याघ्र वा अन्य अभयारण्यात आमिष म्हणून जनावर बांधणे त्यात कंसात नमूद झाले. येथे कायद्याची करुणा बांधलेल्या जनावराकडे वळली होती, वाघाकडे नव्हे. तीही 'केवळ करमणुकीसाठी' या शब्दांपुरती मर्यादित राहिली.

वन्य प्राण्याच्या बाजूने हाच प्रश्न २००२ च्या दुरुस्तीने सोडवला. १ एप्रिल २००३ पासून अमलात आलेल्या व्याख्येनुसार पकडणे, फासे वा सापळे लावणे, हाकणे यांच्या जोडीने आमिष दाखवणे हीदेखील शिकारच होय. प्रयत्न केला तरी पुरे. गोळी झाडली जाण्याची आवश्यकता नाही.

या व्याख्येचा एक परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. बिबट्यासाठी पिंजऱ्यात शेळी ठेवणारा वनविभागही कायद्याच्या भाषेत 'शिकार'च करीत असतो. म्हणून त्यास कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे अशक्य असल्याची खात्री पटल्याखेरीज त्याला ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी ठार झालेल्या 'टी-१' वाघिणीच्या प्रकरणी वाद पेटला तो याच अटीवरून. शोधमोहिमेत जनावरे बांधली गेली, त्याविषयी मात्र फारसा प्रश्न उपस्थित झाला नाही. १९८२ चा कंस तेथे लागू होत नव्हता, कारण हेतू करमणुकीचा नव्हता.