कर्नेल कॉन्फिगरेशन मेनू : मदतमजकूर

लिनक्स कर्नेल सोर्स कोडमधून बांधताना कोणता भाग घ्यायचा आणि कोणता वगळायचा, हे मेनूतून ठरवावे लागते. त्या मेनूतील पर्यायाला जोडलेले स्पष्टीकरण म्हणजे मदतमजकूर. पर्याय हजारोंच्या संख्येत आहेत. त्यांपैकी बहुतेकांविषयी सामान्य वापरकर्त्याच्या हाती लागणारी माहिती एवढीच असते, म्हणून या चार-दहा ओळींचे मोल फार मोठे आहे.

उत्तरे : ‘वाय’ म्हणजे तो भाग कर्नेलमध्येच समाविष्ट, ‘एम’ म्हणजे गरजेप्रमाणे चढवता येणारे मोड्यूल, ‘एन’ म्हणजे वगळलेला. काही पर्यायांना फक्त वाय आणि एन चालते.

इतिहास : मूळ ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट रेमंड चेन यांची; पुढे ती मायकेल एलिझाबेथ चॅस्टेन यांनी सांभाळली. प्रश्नापुढे प्रश्नचिन्ह टंकले की उलगडणारे स्पष्टीकरण ‘कॉन्फिगर.हेल्प’ या एकाच भल्यामोठ्या फायलीतून येई. ती फाइल दीर्घकाळ ॲक्सेल बोल्ट यांनी जोपासली. या कामाची नोंद क्वचितच घेतली जाते. वास्तविक कर्नेलच्या इतिहासात ते ड्रायव्हर लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे. अडचण होती ती रचनेची. पर्यायाची व्याख्या एका फायलीत आणि स्पष्टीकरण दुसऱ्या फायलीत, त्यामुळे एक बदलले तरी दुसरे तसेच राही. एरिक रेमंड यांनी या फायलीची डागडुजी केली आणि ‘सीएमएल २’ ही पायथनमधील पर्यायी व्यवस्थाही मांडली. ती स्वीकारली गेली नाही. त्याची कारणे वेगवेगळी सांगितली जातात. पायथनवरील अवलंबन आणि एकदम करावा लागणारा मोठा बदल ही त्यांतली दोन. २००२ च्या आरंभी कर्नेलच्या २.५ मालिकेत ‘कॉन्फिगर.हेल्प’ फाइल निर्देशिकांनुसार विभागली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर, २.५.४५ मध्ये, रोमन झिपेल यांची ‘केकॉन्फिग’ व्यवस्था आली. तेव्हापासून मदतमजकूर पर्यायाच्या व्याख्येखालीच लिहिला जातो.

लेखन : ‘हेल्प’ या शब्दानंतर मजकूर सुरू होतो, समास कमी झाला की संपतो. तो फार त्रोटक असला तर ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट इशारा देते. पण स्क्रिप्ट ओळी मोजते, अर्थ तपासत नाही. ‘अमुक चिपसाठी आधार’ एवढेच सांगणारा मजकूर ती चिप न ओळखणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नाही. चांगला नमुना म्हणून प्रीएम्प्शनचे (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला संधी देण्याचे) पर्याय पाहावेत : सर्व्हरसाठी कोणता, डेस्कटॉपसाठी कोणता, आणि निवडीने काय मिळते व काय गमवावे लागते, हे तिथे सरळ सांगितले आहे.

मदतमजकुराच्या शेवटच्या ओळीत अनेकदा ‘खात्री नसेल तर एन म्हणा’ अशा अर्थाचा सल्ला असतो. हा सल्ला जपून घ्यावा. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमच्या मजकुरातही तो आढळतो. ज्याचे रूट विभाजन ईएक्सटी४ आहे त्याने तो पाळला, तर नवे कर्नेल रूट माउंट करू शकत नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. एम निवडल्यास ते मोड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे रूट माउंट होण्याआधी मेमरीत चढणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये, असावे लागते. कोणाच्या यंत्राला हा पर्याय लागतो, हे सल्ल्याआधी सांगणे मजकूर लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

वाचन : ‘मेन्यूकॉन्फिग’मध्ये पर्यायावर प्रश्नचिन्हाची कळ दाबली की मजकूर उघडतो. तिरक्या रेघेची कळ दाबून शोध घेता येतो. पर्याय कोणावर अवलंबून आहे हेही तिथे कळते. मेनूत पर्याय दिसत नसेल तर कारण बहुधा याच अवलंबनात सापडते.

भाषांतर : मेनूच्या भाषांतराची सोय २००५ मध्ये जोडली गेली आणि २०१८ मध्ये काढून टाकली गेली. मजकूर इंग्रजीतच आहे.

अन्य प्रणाली : बिझीबॉक्स, यू-बूट, बिल्डरूट आणि झेफर केकॉन्फिगच वापरतात. फ्रीबीएसडीत असा मेनू नाही. तिथे पर्यायांची माहिती ‘नोट्स’ नावाच्या फायलींत असते.